राजी भाचीचा राजीनामा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

मुक्काम सास्तूर, मोगलाई.
आषाढ वद्य पक्ष (सरकारी महिना शहरेवर, तुमच्याकडं त्याला जुलै म्हणत असतील)

राजमान्य राजश्री शरणबसप्पा यांस,

सास्तूरहून महांतप्पाचे शरणु शरणार्थी. (आधी मायन्यात 'तुला' असं लिहिलं होतं, ते खोडलं. सोलापूरच्या शाळेत एका बाकावर बसून आपण एकाच छडीचा मार वाटून घेतला, त्या नात्यानं तू. पण माझी धाकटी बहीण तुमच्या घरी दिली, त्या नात्यानं तुम्ही. खाडाखोड दिसते आहे त्याबद्दल क्षमा.) तुमचा गुडघा आता कसा आहे? एरंडाचं पान गरम करून बांधायला सांगितलं होतं, ते बांधलं का, की नुसतं वाचून ठेवून दिलं? शांतम्माचा खोकला उतरला असेल अशी आशा करतो. इकडं पाऊस असा आहे की नाही म्हणता येत नाही आणि आहे म्हणायची लाज वाटते. माझी प्रकृती ठीक. तुमची लेक शिवकांता खुशाल आहे. तिची नोकरी तेवढी खुशाल नाही. म्हणजे ती गेली. म्हणजे शिवकांता गेली नाही, नोकरी गेली. पण नोकरीमागोमाग आता शिवकांताही जाणार असं दिसतं. आणि हे सगळं माझ्या हातून झालं. (शांतम्माला पत्र वाचून दाखवत असाल तर इथं तुम्हाला खोकला आला असं करा आणि थेट शेवटच्या आशीर्वादावर या.)

मूळ शोधायला गेलं तर ते मुलीच्या जन्मापाशी जातं. तुम्हाला सारं ठाऊक आहे, पण दुःखी माणसाला ठाऊक असलेलंच सांगावंसं वाटतं. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं शांतम्मा गाडीत बसून सास्तूरला निघाली. मी बैलांच्या शिंगांना गोंडे बांधून करोडगिरीच्या नाक्यापलीकडं, म्हणजे मोगलाईच्या बाजूला, तिची वाट पाहत उभा. जकातीच्या कारकुनानं गाडी अडवली. तुम्ही माहेरच्यांसाठी खारकांचं पोतं दिलं होतं, ते त्यानं उतरवून घेतलं आणि खारका बरोबर मोजल्या. मोजून झाल्यावर त्याला आपला हिशेब पटला नाही, म्हणून पुन्हा मोजल्या. तेवढ्यात तुमची मुलगी बाभळीच्या सावलीत, इंग्रजी हद्दीत, या जगात आली. मला तिचं रडणं ऐकू येत होतं, पण ते परदेशातून ऐकू येत होतं. तुम्ही पोतं थोडं हलकं भरलं असतं तर पोर इकडं जन्मून मुलकी झाली असती, म्हणजे निजाम सरकारची प्रजा. खारकांपायी ती गैरमुलकी झाली. (मी तुम्हाला दोष देत नाही. खारका चांगल्या होत्या.)

पुढं तिचं कपाळ फुटलं, जावईबापू हिवतापात गेले, आणि तुम्ही भावकीचं न ऐकता तिला मिरजेला नर्सचं काम शिकायला घातलं. त्या वेळी मी तुम्हाला एक खरमरीत पत्र लिहिलं होतं. ते जपून ठेवलं असल्यास जाळा. कारण सास्तूरच्या दवाखान्यात शिकलेली बाई पाहिजे असं कळलं, तेव्हा तिला बोलवा म्हणून डॉक्टरसाहेबांच्या मागं लागलो तोही मीच. मुलखाची सेवा होईल असं मी तुम्हाला लिहिलं. ते खरंच होतं. पण माझी बायको लक्ष्मम्मा गेल्यापासून या घरात मी संध्याकाळी कविता म्हणायला लागलो की ऐकायला कोनाड्यातली समई तेवढी असायची, आणि समई चूक काढत नाही. शिवकांता भाकरी थापता थापता म्हणते, "मामा, एक मात्रा कमी पडली." मोगलाईत आता असं कोण म्हणणार?

ती आली त्या दिवशीची नाक्यावरची गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. तिची ट्रंक उघडली. (नाका तोच, कारकून नवा, हिंमत जुनी.) कात्र्या, चिमटे, पट्ट्या सगळं पाहून झालं आणि मग त्याच्या हाती ती रबरी पिचकारी लागली. पोट साफ होत नसलेल्या रोग्याला साबणाचं पाणी जिकडून देतात, तिकडून देण्याची. त्यानं फुगा दाबला, गालावर वारा घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, "गुलाबदानी है?" शिवकांता माझ्याकडं पाहू लागली. मी नाक्यापलीकडच्या बाभळीकडं पाहू लागलो. त्यानं नाकाशी धरून पुन्हा एकदा दाबून पाहिली आणि फार हळहळला, की मिरजेहून येता येता अत्तर सगळं उडून गेलं. पावतीवर 'गुलाबदानी, विलायती, बेखुशबू' असं लिहून महसूल घेतला. शिवकांतानं तोवर पदर तोंडात कोंबून धरला होता. नाका दिसेनासा झाला तेव्हा गाडीत इतकी हसली की गाडीवान घाबरला. नवरा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली असं मला वाटतं. म्हणून त्या कारकुनाला मी मनातून माफ केलं आहे.

इथं मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. आपली पोर, आपल्याच गळ्यात असतं तसं लिंग तिच्या गळ्यात, आपल्यासारखीच कानडी-मराठी बोलणारी. पण गाव तिला 'इंग्रजी बाई' म्हणायचं. तुमच्याकडं सूर्य कुठून उगवतो असं तिला बायकांनी विचारलं आहे. त्यात तिच्या पदराला टाचलेलं ते उलटं घड्याळ. रोग्याचा हात धरून ती घड्याळाकडं पाहायची, आणि दगडाबाईनं (ही इथली सुईण, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं आहे आणि उरलेलं तिच्या जिभेला भिऊन आहे) सांगून टाकलं की ही बाई घड्याळ लावून बघती, माणसाचं किती राहिलंय ते. झालं. कुणी हात देईना. तापानं फणफणलेल्या बाया दोन्ही हात पाठीमागं बांधून दवाखान्यात येऊ लागल्या. शेवटी दगडाबाई स्वतःच ऐन बाजारच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसली, बांगड्या वर सारल्या आणि म्हणाली, "बघ माझी. आन सांग समद्यांदेखत, कवा जाणार म्या?"

शिवकांतानं घड्याळ पाहिलं, नाडी पाहिली, आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाणार."

तेव्हापासून दगडाबाई हे सरकारी वचन समजते. पडत्या पावसात बाहेर पडते, पाणी चढलेला ओढा ओलांडते, विंचवाच्या बिळात हात घालते, कारण तिला अजून आम्हाला पोचवायचं आहे. आणि अडलेली बाळंतीण दिसली की स्वतः शिवकांताला बोलावून नेते. गाव हळूहळू राजी झालं. सरकार तेवढं राजी होत नव्हतं. गैरमुलकी म्हणून नोकरी कामचलाऊ, आज आहे उद्या नाही. हुकूम आला की माझा जीव टांगणीला. डॉक्टरसाहेब (हैदराबादचे, भला माणूस, उर्दू फार मऊ बोलतात) तिला कायम करा म्हणून वरच्या कचेरीत लिहीत होते, पण मला आशा नव्हती. मी मनात निरोपाच्या ओळीसुद्धा जुळवून ठेवल्या होत्या. हीच माझी खोड. दुःख यायच्या आधी मी त्याला वृत्त शोधून ठेवतो, आणि मग दुःख आलं नाही तर ओळी वाया जातात असं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. कचेरीचा चपराशी ज्ञानोबा लखोटा घेऊन दारात आला तेव्हा शिवकांता ओढ्यापलीकडं एका बाळंतपणाला गेली होती, आणि ओढ्याला पाणी चढलं होतं. हुकूम उर्दूत. ज्ञानोबाला उर्दू येतं ते बोलण्यापुरतं, मला येतं ते ऐकण्यापुरतं. कागदावरचं उर्दू आमच्या दोघांच्या मध्ये ओट्यावर तसंच पडून राहिलं. डॉक्टरसाहेब नेमके फिरतीवर. मी विचारलं, काय लिहिलंय?

"म्या काय वाचलंय व्हय, आण्णा? मुन्शी म्हणला, बाईचा राजीनामा घिऊन ये. सकाळी म्या परत निघायच्या आत कागूद पायजे."

"राजीनामा? तिनं केलं काय?"

"मला काय ठावं. मुन्शी हसत व्हता."

"हसत होता?"

"लई."

शरणबसप्पा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं हे मला सांगू नका. माझ्या डोळ्यांसमोर तो हसणारा मुन्शी उभा राहिला. मुलीनं चिखल तुडवत, ओढे ओलांडत यांच्या रयतेची पोरं जगवायची आणि यांनी हसत हसत राजीनामा मागायचा. शिवकांता असती तर तिनं खाली मान घालून दोन ओळी लिहून दिल्या असत्या. ते मला सोसलं नसतं. म्हटलं, जायचंच आहे तर मराठी भाषेनं मान खाली घालू नये. दौत काढली, टाक काढला, आणि आपल्या पंतोजींनी शिकवलेलं सारं व्याकरण पणाला लावून तिच्या वतीनं राजीनामा लिहिला. चार पानं झाला. त्यात मुलखाची कृतघ्नता आहे, पृथ्वी सर्वांची असून माणसानं तिच्यावर जकातीचे नाके बसवले आहेत हा विचार आहे, आणि शेवटी भुजंगप्रयातात ओळी आहेत:

नको चाकरी, सौख्य ते चाकरीचे,
उडाले पहा पाखरू पंजरीचे.

(मात्रा मोजून पाहा. कुठं बोट ठेवायला जागा नाही.) ज्ञानोबाला वाचून दाखवला तेव्हा त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. चुलीचा धूरही होता, पण सगळं पाणी धुराचं नव्हतं. खाली मी सही केली: 'महांतप्पा, मुलीचा सोदरमामा'. बाईमाणसाच्या कागदावर वलीची, म्हणजे पालकाची सही चालते, असं ज्ञानोबाच म्हणाला. या एका बाबतीत त्याला कायदा बरोबर ठाऊक निघाला, हे आमचं दुर्दैव.

दुसऱ्या दिवशी शिवकांता आली. पिंढरीपर्यंत चिखल, आणि त्या घरच्यांनी ओटीत घातलेला गूळ. मी तिला बसवलं आणि ओळी म्हणून दाखवल्या. तिनं शांतपणानं ऐकल्या, मात्रेची चूक काढली नाही, आणि म्हणाली, "मामा, हुकूम कुठं आहे?" तो घेऊन ती फिरतीवरून परतलेल्या डॉक्टरसाहेबांकडं गेली. परत आली तेव्हा ओट्यावर माझ्याशेजारी बसली.  मग म्हणाली, "मला कायम केलंय, मामा. गैरमुलकीची अट माफ केलीय. फक्त मी इथं राहायला राजी आहे का, ते लिहून मागितलं होतं."

कळलं ना? आपल्या मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. दरबारी उर्दूत राजीनामा म्हणजे मी राजी आहे असं लिहून देणं; सोडायची असेल तर ते त्याला इस्तीफा म्हणतात. शब्द एकच. इंग्रजी हद्दीत तो बाहेर जायचा दरवाजा, मोगलाईत आत यायचा. मुन्शी हसत होता तो आनंदानं. बिचाऱ्याच्या सुनेचं बाळंतपण शिवकांतानं केलं होतं. आणि मी सोलापुरात शिकलेला, व्याकरणात पहिला, त्या दरवाजातून मुलीला आत ढकलायची ती बाहेर ढकलली, तीही वृत्तात.

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, पाय धुतले, आणि माझ्यासाठी भाकरी टाकली. मी ज्ञानोबाला गाठायला निघालो, पण माझ्या पायांचं धावणं शाळेच्या पटांगणातच संपलं आहे. वेशीजवळ धाप लागून बसलो तो शिवकांताच येऊन घेऊन गेली. डॉक्टरसाहेबांनी तातडीनं लिहिलं. पण या सरकारात दवाखान्याच्या कंदिलाला तेल मंजूर व्हायला दुसरा पावसाळा उजाडतो, आणि आमचा राजीनामा पुढच्या बाजाराआधी मंजूर होऊन आला. मुन्शीजींनी त्याचा उर्दूत तर्जुमा केला होता, अगदी शेवटच्या ओळींसकट. कचेरीत तो दोनदा मोठ्यानं वाचला गेला म्हणे. डॉक्टरसाहेबांनी मला समजुतीच्या सुरात सांगितलं की तर्जुमा मुळापेक्षा सरस उतरला आहे. हे दुःख वेगळं.

महिना सरला की तिला दवाखाना सोडायचा आहे. गावात मला कुणी काही बोलत नाही, दगडाबाई सोडून. ती दारात येऊन म्हणाली, "आण्णा, नाळ कापायची असती. तुमी तर पोरगीच कापून टाकली."  उपमा चांगली होती.

आणि तुम्हाला वाटेल, बरं झालं, मुलगी सोलापूरला घरी येईल. तसं नाही. तिकडं तिला कोण कामावर घेणार? इथलं काम तिकडं धरत नाहीत. तिकडचं शिक्षण इथं नुकतं कुठं धरू लागले होते. तिनं लढाईच्या दवाखान्यांत नर्सा पाहिजेत अशी जाहिरात कापून ठेवली आहे. समुद्रापलीकडं, बसरा का कुठं. मी विचारलं तर म्हणाली, "परकीच म्हणवून घ्यायचं तर मग थोडं लांब जाऊन बघते, मामा." हे ती रागानं म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. पण ती दळण निवडत म्हणाली.

तर अशी सगळी हकीकत आहे. तुमच्याकडं काही मागावं म्हणून लिहिलं नाही. कुणाच्या कानावर घालावं, एवढंच. माणसाचं प्राक्तन लिहिणाऱ्यानं आमच्या ओळीला यती, म्हणजे मधला थांबा, भलत्याच जागी दिली आहे, ती सोसायची. शांतम्माला आशीर्वाद. लहानमोठ्यांना यथायोग्य. गुडघ्याला जपा, आणि एरंडाचं पान खरोखर बांधा.

आपला,
महांतप्पा

ता. क. वर काही मागायचं नाही असं लिहिलं आहे, ते शिवकांता मागून चुलीकडं येजा करत होती म्हणून. ती आता पाण्याला गेली आहे, तेव्हा खरं लिहितो. डॉक्टरसाहेबांनी एक वाट सांगितली आहे. राजीनामा माझ्या सहीनं चालला, कारण मी वली. वली जर 'फातिरुल अक्ल', म्हणजे डोकं ठिकाणावर नसलेला, होता असं सिद्ध झालं, तर त्याचा कागद रद्द होतो आणि जागा तिची तिला मिळते. पण हे मुलीच्या रक्ताच्या माणसानं, सहीनिशी लिहून द्यावं लागतं. खाली डॉक्टरसाहेब शेरा मारतील. तेव्हा मुलीचा बाप या नात्यानं तुम्ही ताबडतोब लिहून पाठवावं की आमचा मेहुणा महांतप्पा हा वेडा आहे. दर जत्रेला तुम्ही हे चारचौघांत सांगताच. या खेपेला फक्त कागदावर सांगायचं.

आणखी ता. क. शिवकांताला यातलं काही कळू देऊ नका. डॉक्टरसाहेबांची वाट ऐकली तेव्हा ती म्हणाली, "नोकरी जाऊ द्या. माझ्या मामाला वेडा म्हणून मी लिहू देणार नाही." आणि भरल्या ताटावरून उठली. म्हणून हे तिच्या चोरून. साक्षीला दगडाबाई अंगठा देणार आहे. तिला दोनदा विचारावं लागलं नाही. पुरावा म्हणून राजीनाम्यातल्या ओळी जोडाव्यात, असं डॉक्टरसाहेबांचं मत पडलं. जोडा. मला वाईट वाटलं, पण जोडा.

शेवटचं ता. क. असा कागद एकदा दफ्तरी लागला की मला पुन्हा कुठंच सही करता येणार नाही, देवळाच्या पंचांतही बसता येणार नाही, आणि पोरं मागं लागतील ती वेगळीच. चालेल. पोर इथं राहील. तुम्ही हात आखडू नका, चांगलं जोरदार लिहा, लहानपणापासूनच असा आहे म्हणून लिहा, म्हणजे शंका उरणार नाही. फक्त लिहून झाल्यावर त्यावर विश्वास ठेवू नका. आणि ठेवलाच, तर शांतम्माला सांगू नका. तिनं आयुष्यात एकाच माणसाला शहाणा मानलं आहे, आणि तो तुम्ही नव्हे.